ध्यानघराची कौलं

खड्ड्यात दोघी जावा माती तुडवत होत्या, आणि आवाज मात्र थोरलीच्याच पायांचा येत होता. पचाक, पचाक. पाय उचलला की चिखल तो ओढून धरायचा आणि सोडताना चारचौघांत हसू यावं असा आवाज करायचा. समोर धाकटी होती. कपडे गुडघ्यावर खोचलेले, नजर खाली. टाच टेकवायची, मग हळूच बोटं, आणि चिखलाला कळूही न देता पाय बाहेर. थोरलीने एकदा सांगून पाहिलं होतं, अगं, जरा जोर लाव, खडे पायाला लागले पाहिजेत. धाकटी हो म्हणाली, आणि तिच्या बाजूची माती लोण्यासारखी निघाली. तेव्हापासून थोरलीने सांगणं सोडलं होतं.

घराचा धंदा कौलांचा. सासरा गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण भट्टी थंड पडली नाही. थोरला मुलगा भट्टी लावायचा, धाकटा बैलगाडी हाकायचा आणि लाकूडफाटा आणायचा. माती मळणं, साच्यावर कौल वळणं, चौथऱ्यावर वाळत घालणं, उलटणं, सावलीला नेणं, हे सगळं बायकांकडे. सासूचे गुडघे गेले होते. ती स्टुलावर बसून भाजलेलं कौल बोटाने वाजवायची. खण्ण वाजलं की उजवीकडे, बद्द वाजलं की डावीकडे. सुनांच्या बाबतीतही तिची हीच रीत होती.

यंदा काम अंगावर आलं होतं ते वादळाने. गावाबाहेरच्या ध्यानघराचं अर्धं छप्पर त्या वादळाने उडवलं. आता तिथे माणसं ताडपत्रीखाली बसत होती, आणि वारा सुटला की ताडपत्रीच जास्त बोलायची. पावसाळ्याच्या आत नवं छप्पर चढवायचं होतं. मोठ्या गावातून कारखान्याची कौलं आणावीत असं काहींचं मत होतं. थोरलीने पदरचा शब्द खर्च करून ते काम आपल्या घरी आणलं. आमच्या हातची कौलं लावा, वेळेत देऊ, असं तिने तिथल्या म्हाताऱ्या भिक्खुणीला सांगितलं होतं. त्या भिक्खुणीला सगळे आर्याजी म्हणत. आर्याजींनी थोरलीचा शब्द प्रमाण मानला. ध्यानघरात थोरलीचा तेवढा मान होता.

मान असणारच. ती तिथे जायला लागली ती तिचं पहिलं मूल पोटातच गेलं त्या वर्षी. घरात कुणी काही म्हणालं नव्हतं, पण न म्हणण्याचाही एक आवाज असतो. तो ऐकवेना म्हणून ती ध्यानघराच्या पायरीवर जाऊन बसली, आणि आर्याजींनी तिला श्वासाकडे बघायला शिकवलं. श्वास आला, आला म्हणावं. गेला, गेला म्हणावं. तेव्हापासून पहाटे, घर उठायच्या आधी, ती ओसरीवर घडी केलेल्या पोत्यावर बसायची. आधी पाच शीलं म्हणायची: जीव घेणार नाही, न दिलेलं घेणार नाही, वावगं वागणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. आणि म्हटलं तसं पाळायची. साखरेच्या डब्यात मुंग्या झाल्या तर डबा उन्हात ठेवून मुंग्यांनी जायची वाट बघायची. सासू म्हणायची, "तुझी शीलं आणि माझी साखर. मुंग्यांची चंगळ आहे."

पण म्हणताना तिच्या आवाजात कौतुक असायचं. ती पहाट थोरलीची होती. घरातली तेवढी एकच गोष्ट पूर्ण तिची होती.

मागल्या वर्षी धाकटी लग्न होऊन आली. आल्यावर काही दिवसांतच एका पहाटे ती थोरलीच्या शेजारी येऊन बसली. थोरलीला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. तिने तिला श्वास शिकवला, पाठ कशी ठेवायची ते शिकवलं, पायाला मुंग्या आल्या तर काय करायचं तेही सांगितलं. धाकटीच्या पायाला मुंग्या आल्याच नाहीत. निदान तसं दिसलं नाही. ती बसली ती ओतल्यासारखी. खांदा हलला नाही, पापणी लवली नाही. थोरलीला एवढ्या वर्षांनंतरही पाठीत कळ यायची, गुडघा बदलावासा वाटायचा, भट्टी आठवायची, पुढे झालेल्या मुलीची खरूज आठवायची.

मुलीनेच एकदा जेवताना सांगून टाकलं. काकूच्या नाकावर माशी बसली होती, चालत चालत डोळ्यापर्यंत गेली, तरी काकू हलली नाही. "आणि आई, तू खाजवतेस," मुलगी म्हणाली.

सगळे हसले. थोरलीही हसली. 

आता असूया ही काही एका दिवसात येत नाही. ती उंदरासारखी येते. आधी नुसती खुडबुड, मग पिशवीला भोक, आणि एक दिवस धान्यच कमी भरतं. थोरली धाकटीच्या चुका वेचायला लागली. साच्यावर राख जास्त टाकते. पाणी सांडते. हाक मारली की लगेच ओ देत नाही. ध्यानाच्या शेवटी सगळ्यांचं भलं चिंतायचं असतं, तेव्हा थोरली मनातल्या मनात एकेकाला समोर आणायची: मुलगी सुखी असो, नवरा सुखी असो, सासू, दीर, शेजारी, बैल, चौथऱ्याखालचा सरडा. धाकटीचा चेहरा आला की ती पुढे सरकायची. सरड्यावर जरा जास्त वेळ थांबायची.

मग एका पहाटे आर्याजी कौलं बघायला आल्या. लवकर आल्या, दोघी बसलेल्याच होत्या, म्हणून त्या पायरीवर टेकल्या. थोरलीने डोळे उघडले नाहीत, पण तिला चपलांचा आवाज ओळखता आला. तिने पाठ आणखी ताठ केली. श्वासाकडे बघायचं सोडून ती आर्याजी कुणाकडे बघताहेत ते ऐकू लागली, जणू बघण्यालाही आवाज असतो.

उठल्यावर आर्याजींनी थोरलीची विचारपूस केली, आणि मग धाकटीसमोर खाली बसल्या. धाकटीच्या दोन्ही मुठी मांडीवर होत्या. आर्याजींनी एक मूठ हातात घेतली आणि एकेक बोट सरळ केलं, आई तान्ह्याचं करते तसं. दुसरी मूठही तशीच उघडली. एवढ्या वर्षांत थोरलीचा हात त्यांनी असा कधी धरला नव्हता.

चहा घेताना त्यांनी सासूला सांगितलं की छप्पर झालं की दहा दिवसांची बैठक आहे. दहा दिवस कुणी कुणाशी बोलायचं नाही, नुसतं बसायचं. जागा थोडी आहे, कामाच्या दिवसांत घरातून दोन माणसं मिळणं कठीणच, तर एकीला पाठवा. "धाकटीला पाठवा," त्या म्हणाल्या.

थोरलीच्या हातात किटली होती. तिने चहा नीट ओतला, थेंबही सांडू दिला नाही. दहा दिवसांची बैठक तिने कधीच केली नव्हती. एका वर्षी मूल अंगावर होतं, एका वर्षी सासूचा गुडघा, एका वर्षी भट्टी फुटली. दरवर्षी ती म्हणायची, पुढच्या वर्षी. आर्याजींना ते माहीत होतं. तरी त्यांनी तिच्या तोंडावर दुसरीचं नाव घेतलं.

त्या दिवसापासून ओसरीवर एक शर्यत सुरू झाली, आणि ती एकीलाच ठाऊक होती. धाकटी डोळे उघडेल त्याआधी आपण उघडायचे नाहीत. बस. पाय बधिर झाला तरी नाही, माशी आली तरी नाही. एकदा तर तिच्या नाकावर माशी बसली तेव्हा तिला आनंदच झाला. मुलगी जागी असती तर बरं झालं असतं, असं वाटलं. ऊन ओसरीवर चढायचं तरी दोघी तशाच. सासू आतून म्हणायची, "एक दगड झाली ते पुरे नव्हतं, आता दोन झाल्या. चहा काय बैल करणार आहेत?"

नवऱ्याने एकदा विचारलं, हल्ली फार वेळ बसतेस, शांत वाटतं का? थोरलीला शील आठवलं. ती म्हणाली, "बसते खरी." तेवढं खरं होतं.

कौलांची शेवटची खेप चौथऱ्यावर पडली त्याच्या दुसऱ्या पहाटेची गोष्ट. दोन दिवस पाठ मोडून दोघींनी ती वळली होती. मातीची पोळी तारेने कापायची, राख लावलेल्या लाकडी साच्यावर पालथी घालायची, ओल्या तळव्याने गुळगुळीत करायची, आणि साच्यासकट नेऊन चौथऱ्यावर अलगद सोडायची. सोडताना हात थरथरला की कौल बसतं. रांगांमागून रांगा झाल्या. अजून ओली होती, बोट लावलं तर ठसा उमटेल अशी. नवरा आणि दीर अंधारातच गाडी घेऊन लाकडाला गेले होते. सासू मुलीला घेऊन दुधाला गेली होती. चौथऱ्यावर लक्ष ठेवायची पाळी धाकटीची होती. ओसरीवरून चौथरा समोरच दिसतो, म्हणून तिथेच दोघी बसल्या.

आधी घंटा वाजली. लांब, कुंपणापलीकडे. आवाज, असं थोरलीने मनात म्हटलं. आर्याजींनी तसंच शिकवलं होतं: कानावर पडलं ते पडू द्यावं, त्याच्यामागे धावू नये. मग कुंपणाची काटकी मोडली. आवाज. मग एक लांब सुस्कारा आला, ओल्या नाकाचा. शेजारच्या दूधवाल्याची म्हैस. दावं तोडून यायची तिला खोड होतीच.

मग खुराखाली कौल दबलं.

तो आवाज थोरलीला इतका ओळखीचा होता की डोळे मिटूनही तिला दिसलं, कितवी रांग ते. पचाक. थोडं थांबून, पचाक. म्हैस सावकाश चालत होती, तिला कुठे जायचं नव्हतं. उठ, थोरली मनात म्हणाली. स्वतःला नाही, धाकटीला. तुझी पाळी आहे, उठ. शेजारी श्वाससुद्धा हलला नाही. बघा, हिला ऐकूही येत नाही, इतकी खोल गेली आहे. आणि मी उठले तर? मी उठले तर माझं मन बाहेर होतं हे ठरलं. एवढ्या वर्षांची बाई म्हशीने उठवली, आणि कालची पोर बसून राहिली. आता उठेन. ही रांग झाली की उठेन. पचाक. तिच्या दोन दिवसांच्या पाठीवरूनच म्हैस चालली होती. तरी ती आवाज, आवाज म्हणत बसून राहिली, आणि आपण आज अजिबात हललो नाही याचा एक कडू आनंद तिच्या पोटात बसला होता.

सासूच्या हातातलं दुधाचं भांडं पडलं तेव्हा दोघींनी डोळे उघडले.

म्हैस चौथऱ्याच्या मधोमध उभी राहून शेपटीने पाठ झोडत होती. पलीकडची एक रांग सोडली तर सगळ्याचा चिखल झाला होता. सासूने आधी म्हशीला हाकललं, लंगडत, काठीने. मग ती ओसरीसमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही. पाळी कुणाची होती, एवढंच विचारलं.

"माझी," धाकटी म्हणाली. ओठ पांढरे पडले होते.

सासू थोरलीकडे वळली. "आणि तुला नाही ऐकू आलं?"

थोरलीने पाहिलं, सासू तिच्याकडे विश्वासाने बघत होती. म्हणजे ही खोटं बोलणार नाही, या खात्रीने.

"माझे डोळे मिटलेले होते," थोरली म्हणाली.

अक्षर न अक्षर खरं. सासूने मान हलवली, आणि मग जे काही बोलायचं ते धाकटीला बोलली. हातभर काम नाही आणि गावभर ध्यान, असं म्हणाली. डोळे मिटून बसायला आईबापांनी इथे पाठवलं काय, असंही म्हणाली. उद्यापासून या घरात धाकटीने बसायचं नाही, आणि बैठकीला थोरली जाईल. आर्याजींना मी सांगते.

हवं ते सगळं मिळालं. इतकं अलगद मिळालं की थोरलीला हातही पुढे करावा लागला नाही.

त्यानंतरचे दिवस पुन्हा मातीचे. तुडवलेली कौलं खरवडून गोळा केली, पाणी घालून खड्ड्यात भिजवली, पुन्हा तुडवायला घेतली. वाया काही गेलं नव्हतं, माती तीच. गेले होते ते दिवस आणि अंगातलं बळ. दीर बायकोशी बोलेनासा झाला. संध्याकाळी हात धुताना तो म्हणायचा की लोक विचारतात, म्हशीने ध्यान कसं शिकवलं. धाकटी ऐकून घ्यायची. वाटी पुढे करायची, मीठ हवं का विचारायची. चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. आणि थोरलीच्या लक्षात आलं की बोलणी खातानासुद्धा ही आपल्यापेक्षा चांगली दिसते. आपल्याला कुणी असं बोललं असतं तर आपण भांडी आपटली असती. तिला त्याचाही हेवा वाटला. आपला खोटेपणा तिच्या ताटात वाढला होता, आणि ती तो इतक्या शांतपणे जेवत होती की तेही पुण्य तिच्याच नावावर जमा व्हावं.

पहाटे ती एकटी बसू लागली. पाच शीलं म्हणायची. चौथ्याला आली की अडखळायची. मग पुन्हा पहिल्यापासून. शेजारची जागा मोकळी होती, तिथे थंड वारा यायचा. श्वास आला, आला. गेला, गेला. आणि मध्येच, डोळे मिटलेले होते. एके दिवशी तर ती चौथं शील गाळूनच पुढे गेली, आणि उठून चहाच टाकायला गेली. आत धाकटीने आधीच टाकला होता.

एका दुपारी दोघी खड्ड्यात होत्या. ऊन असं की चिखल वरून गरम आणि खालून गार. बैठक जवळ आली होती. धाकटीने आपणहून विषय काढला. बैठकीत गुडघा दुखला तर खाली जुनी चादर दुमडून घ्या, मी धुऊन ठेवली आहे, असं म्हणाली.

थोरलीचा पाय चिखलात तसाच राहिला.

"मी ऐकलं होतं," ती म्हणाली.

धाकटीने वर पाहिलं.

"म्हैस. घंटेपासून. सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, तू उठत नाहीस तर मी का उठू."

मग तिला थांबता येईना. माशीचं सांगितलं, किटलीचं सांगितलं, सरड्याचंसुद्धा सांगितलं. तुझं नाव मी भल्याच्या यादीतून गाळत होते, म्हणाली. तू दगडासारखी बसतेस, मला ते कधी जमलं नाही, आणि आर्याजींनी तुझा हात धरला तेव्हा माझ्या छातीत कुणीतरी भट्टी लावली.

धाकटीच्या घोट्याभोवती चिखल हळूहळू मिटत होता.

"मीपण ऐकलं होतं, ताई," ती म्हणाली.

थोरलीला वाटलं, म्हणजे हीही शर्यतीत होती. एक क्षण तिला फार बरं वाटलं.

"ऐकलं आणि मला हलताच येईना," धाकटी म्हणाली. "आमच्याकडे वडील पिऊन यायचे. दारात पाऊल वाजलं की आम्ही भावंडं बसल्या जागी बसायचो. जो हलला त्याला मार. भाऊ हलायचा. मी नाही. मी शिकले. नाकावर माशी काय, पायावरून विंचू गेला तरी मी हलले नाही एकदा. जड पावलं वाजली की अजूनही तसंच होतं. अंग बसतं, ताई. मन कुठलं बसतंय, ते दाराकडे बघत असतं."

ती आता आपल्या हातांकडे बघत होती. चिखलाने भरलेले, आणि मुठी वळलेल्या.

"आर्याजींनी ओळखलं. बोटं उघडताना हळूच म्हणाल्या, हे ध्यान नव्हे, बाळ, हे लपणं आहे. बैठकीला ये, आपण बघू. म्हणून बोलावलं होतं मला. मी चांगली बसते म्हणून नाही."

थोरली खड्ड्याच्या काठावर टेकली. इतके महिने ती ज्या गोष्टीसाठी जळत होती ती गोष्ट तिच्यासमोर चिखलात उभी होती, आणि ती एका लहान मुलीची भीती होती. बक्षीस समजून तिने जे ओढून घेतलं ते औषध होतं, दुसरीचं.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पाळी माझीच होती. आणि घरात आवाज चढला होता ना."

संध्याकाळी जेवायला सगळे बसले. थोरलीने वाढलं आणि स्वतः बसली नाही. उभ्याउभ्याच सांगितलं: म्हैस आली तेव्हा मी जागी होते, सगळं ऐकलं, आणि धाकटी उठत नाही म्हणून हेव्यापोटी उठले नाही. आई, तुम्ही विचारलंत तेव्हा डोळे मिटले होते म्हणाले, ते तुम्हाला फसवण्यासाठीच म्हणाले. खड्ड्यात ऐकलेलं मात्र ती बोलली नाही. ते तिचं नव्हतं.

नवरा घास तसाच धरून बसला. दीर आधी वहिनीकडे आणि मग बायकोकडे बघू लागला, आणि मग ताटात.

सासू पाणी प्यायली. तिने पेला खाली ठेवला.

"म्हशीने कौलं तुडवली," ती म्हणाली. "तू माणूस तुडवलंस. म्हशीला निदान कळत नव्हतं."

थोरलीने मान खाली घातली. एवढ्या वर्षांत तिला या घरात कुणी असं बोललं नव्हतं, तेही मुलीसमोर. कान तापले. भांडी आपटावीशी नाही वाटली.

सासू मग धाकटीकडे वळली आणि तिचा आवाज उतरला. "आणि तू. भांडं पडलं की बाकीचे दचकतात, तू थिजतेस. मी काय आंधळी आहे? बसून बसून आणखी थिजशील असं वाटलं मला, म्हणून बसू नको म्हटलं. पण म्हणताना मी ओरडले, तेही खरंच. आता त्या आर्याजींना मुठी उघडायला जमतं तर जा बाई. तूच जा."

"आणि वहिनी?" दिराने विचारलं.

"तिला मी शिकवते ध्यान," सासू म्हणाली. "ऐकू आलं की उठायचं. दहा दिवस एवढंच."

नवऱ्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. मुलीला काय कळलं कुणास ठाऊक, तिने आपल्या ताटातला भाजीचा मोठा तुकडा उचलून आईच्या ताटात ठेवला आणि तिला हाताला धरून खाली बसवलं.

भट्टी चांगली लागली. कौलं खण्ण वाजली, बद्द फार थोडी निघाली. ध्यानघराचं छप्पर ढग यायच्या आत चढलं, आणि शेवटच्या थोड्या जास्तीच्या कौलांबरोबर, गवताच्या भाऱ्यावर बसून, धाकटी बैठकीला निघाली. दीर बैल जुंपत होता. त्याने बायकोला विचारलं, पाणी घेतलंस का, आणि ते जरा मोठ्याने विचारलं गेलं असं वाटून पुन्हा हळू विचारलं.

थोरली गाडीजवळ उभी होती. तिच्या पोटात दुखतच होतं. सगळं कळून, सगळं सांगून, शिव्या खाऊनही ते गेलं नव्हतं. दहा दिवस शांत बसायला कुणीतरी निघालं होतं आणि ती दुसरीच होती. सकाळी भल्याच्या यादीत धाकटीचं नाव तिने घेतलं होतं खरं, पण ते दातांत अडकलेल्या काडीसारखं काढावं लागलं होतं.

धाकटी गाडीवरून वाकली. "ताई, तिथे मला नाही जमलं तर?"

थोरलीच्या तोंडाशी बरीच चांगली वाक्यं आली. जमेल गं, काळजी करू नकोस, माझा आशीर्वाद आहे. त्यातलं एकही पुरतं खरं नव्हतं.

"नाही जमलं तर मला थोडं बरं वाटेल," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "आणि जमलं तर?"

"तर येऊन सांग. आधी जरा जळेन. मग ऐकेन."

धाकटी हसली. आधी ओठांतच, मग तिला आवरेना. असं हसली की बैलांनी कान टवकारले, दीर मागे वळून बघायला लागला, आणि आत स्टुलावर बसलेल्या सासूने काय झालं म्हणून विचारलं. गाडी हलली. वळणाआड गेली तरी हसू ऐकू येतच होतं. एवढा आवाज त्या बाईच्या अंगात आहे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.